मुंगळा चावतो की चावते?

मराठी माणसाला व्याकरणानं कुठं कुठं फसवलंय याची यादी करायची ठरवली, तर पहिल्या नंबरावर मी मुंगळ्याचं नाव घालीन. ती मुंगी, तो मुंगळा. लहानपणापासून माझी ठाम समजूत होती की मुंगळा हा मुंगीचा नवरा. अंगानं थोराड, रंगानं काळा, गुळाच्या ढेपेला एकदा चिकटला की मुंडी तुटली तरी न सोडणारा. नवरा नाहीतर दुसरं कोण असणार? आणि मुंगी म्हणजे त्याची तांबूस, नाजूक, तुरुतुरु चालणारी बायको. हे जोडपं बरोबर कुठं दिसत नाही, ही गोष्ट मला कधी खटकली नाही. आमच्या गल्लीतली जोडपीही बरोबर फारशी दिसत नसत.

ही समजूत मी शेहेचाळीस वर्षं विनातक्रार सांभाळली. मी बी.कॉम. झालेला माणूस. गेली बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. बँकेतल्या माणसाचा प्राणिशास्त्राशी संबंध दोनच वेळा येतो. एकदा रेकॉर्ड रूमला वाळवी लागते तेव्हा आणि एकदा ऑडिटर येतात तेव्हा. पैकी वाळवी निदान आधी कळवून येत नाही.

पण गेल्या मे महिन्यात आमच्या नववीतल्या कन्येला शाळेनं सुट्टीतला प्रकल्प दिला. विषय होता 'मुंग्यांची वसाहत'. हल्ली शाळेचा प्रकल्प मुलांना मिळतो आणि घरी आई-बापांना होतो. ओट्यावर गुळाच्या डब्याभोवती चार मुंगळे फिरत होते. मी सहज म्हटलं, "हे बघ, मुंगळे आले. लिही त्यांच्याबद्दल."

"बाबा, ते मुंगळे नाहीत. त्या मुंगळ्या आहेत. गुळावर येतात त्या सगळ्या बायका."

"मग पुरुष कुठं असतात?"

"घरात."

"घरात काय करतात?"

"काही नाही."

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "उगाच नाही म्हणत, सगळी सृष्टी एकाच नियमानं चालते."

आता बँकेतला माणूस कुठल्याही विधानावर व्हाउचर पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. मी कन्येची पुस्तकं ओढली, चष्मा लावला आणि बसलो. दोन तासांनी उठलो तेव्हा पुरुष म्हणून माझी किंमत दोन आण्यांनी उतरली होती.

आपला गुळावरचा काळा मुंगळा शास्त्रज्ञांच्या दप्तरी 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस' या नावानं नोंदलेला आहे. फॅब्रिशियस नावाच्या गृहस्थांनी ही नोंद १७८७ सालीच करून ठेवली. त्यात लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्याच्या अशा वेगवेगळ्या मापांच्या कामकरी असतात. मोठ्या डोक्याचा दांडगा मुंगळा पाहून आपण म्हणतो, हा गडी. तोही गडी नव्हेच, तीही बाईच! रांग लावणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, पिल्लांना भरवणाऱ्या, घर झाडणाऱ्या, दाराशी पहारा देणाऱ्या आणि आपल्याला चावणाऱ्या सगळ्या बायका. डंख मारणाऱ्या मुंग्यांतही नराला डंख नसतो, कारण तो डंख म्हणजे मुळात अंडी घालायचा अवयव. निसर्गानं तो सुधारून हत्यार केलं. तेव्हा 'मुंगळा चावला' हे वाक्य व्याकरणात बसलं तरी वस्तुस्थितीत बसत नाही.

नर असतात, पण वर्षातून थोडेच दिवस. त्यांना पंख असतात, डोळे मोठे असतात, डोकं लहान असतं आणि जबडा नावापुरता असतो. (इथं मी उठून आरशात पाहून आलो.) घरातली कामं त्यांना नेमून दिलेली नाहीत. बहिणी भरवतात आणि ते खातात. पाऊसपाणी पाहून एक दिवस उडायचं, लग्न लावायचं आणि मरायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. 'मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं' असं आपले वाडवडील म्हणत. ते निम्मं बरोबर आहे. पंख फुटलेला नर मरतो. पंख फुटलेली मादी मात्र लग्न झाल्यावर जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते आणि संसाराला लागते. उडायच्या स्नायूंचा आता उपयोग नाही, म्हणून तेही अंगात जिरवते आणि त्यावर पहिली पिल्लं वाढवते. अंगावरचं सोनं मोडून मुलांना शिकवणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. त्यातलाच हा प्रकार.

लग्नाच्या दिवशी मिळालेलं बीज राणी पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि पुढं जन्मभर पुरवून पुरवून वापरते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नर हा मुदत ठेव ठेवून पावती न घेताच वारणारा ठेवीदार. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात जवळजवळ २९ वर्षं जगली. एका अंधाऱ्या खोलीत बसून २९ वर्षं तेच तेच काम! बँकेत असती तर घड्याळ देऊन निवृत्त केलं असतं.

आणि नराची जन्मकथा तर कर्णाच्याही वरताण. कर्णाला निदान सूर्य तरी होता. मुंगळ्याला बापच नाही. राणीनं अंडं घालताना त्या ठेवीतून थोडं काढलं तर मुलगी होते, न काढता तसंच घातलं तर मुलगा. म्हणजे मुलगा निव्वळ आईचा. त्याला बाप नाही, पण आजोबा आहेत, आईचे वडील. त्याला मुलगे होत नाहीत, फक्त मुली होतात. नातू मात्र होऊ शकतात. असला इसम माझ्या काउंटरवर खातं उघडायला आला तर 'वडिलांचं नाव' या रकान्यापाशीच मी त्याला परत पाठवीन. उद्या आजोबांना घेऊन या म्हणून सांगीन.

इथपर्यंत गंमत होती. पुढं हिशेब आला आणि हिशेब आला की मी गंभीर होतो.

विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९६४ साली असा प्रश्न केला की ह्या बायका स्वतःची पोरं सोडून आईची पोरं का वाढवतात? उत्तर रुपया-आण्यांत सांगतो, मला तेच समजतं. मुलीच्या अंगातले आठ आणे बापाचे, आठ आणे आईचे. बापाकडं मुळात एकच संच, त्यामुळं तो प्रत्येक मुलीला तेच ते आठ आणे देतो. आईकडं दोन संच, त्यामुळं तिच्या आठ आण्यांतले सरासरी चार जुळतात, चार जुळत नाहीत. म्हणजे राणीनं एकच नवरा केला असेल तर सख्ख्या बहिणी एकमेकींच्या बारा आणे. स्वतःची मुलगी झाली असती तरी आठच आणे! आणि भाऊ? त्याला बापाकडचं काहीच नाही, आईकडचे चार जुळतात तेवढेच. भाऊ चार आणे.

आई मात्र मुलगा काय आणि मुलगी काय, दोघांनाही आठ-आठ आणेच लागते. तेव्हा राणीला वाटणार, वाढवायचे तर दोन्ही सारखे वाढवा. कामकरी बहिणींना वाटणार, बारा आणे विरुद्ध चार आणे, म्हणजे तीनास एक. १९७६ साली रॉबर्ट ट्रायव्हर्स आणि होप हेअर या दोघांनी 'सायन्स' मासिकात हा जमाखर्च मांडला. डोकी मोजली नाहीत हं. राणी होणारी मुलगी जाडजूड आणि मुलगा सडपातळ, त्यामुळं डोकी मोजून खर्च कळत नाही. त्यांनी वजन केलं. तर बऱ्याच जातींत बहिणींवरचा खर्च भावांवरच्या खर्चाच्या तिप्पट भरला! घर आईच्या नावावर, पण सह्यांचे अधिकार मुलींकडे. आणखी गंमत म्हणजे काही जातींत दुसऱ्यांच्या घरातून पळवून आणलेल्या दासी सगळी कामं करतात. तिथं खर्च जवळजवळ निम्मा-निम्मा निघाला. दासींचं त्यात कुणीच लागत नाही, त्यामुळं राणीच्या मनासारखं होतं. वाटण्या करताना आपले लोक गावचे पंच का बसवतात, ते मला त्या दिवशी कळलं. ज्याचं घरात काही नाही, त्यालाच सारखी वाटणी करता येते.

अर्थात हिशेब आला की हरकत आलीच. १९७७ साली अलेक्झांडर आणि शर्मन यांनी हरकत घेतली की ही तिप्पट दुसऱ्या कारणांनीही येऊ शकते. भांडण पुष्कळ चाललं. पण १९९६ साली फिनलंडमधल्या एका जातीत चोरी सापडली. एकनवरी राणीच्या घरात अंड्यांत मुलगे भरपूर होते, पण मोठं होईपर्यंत ते गायब! बहिणींनीच त्यांचा निकाल लावला होता. राणीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. २००१ साली आगमुंग्यांवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की तिथं राणी मुलींची अंडीच बेताची घालते. मग बहिणी करतात काय? असतील ते भाऊ वाढवतात.

भावांचा निकाल लावणाऱ्या बहिणींबद्दल वाचून मला पहिल्यांदा राग आला. मग आठवलं, २०११ च्या जनगणनेत आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ भरल्या होत्या. मी पान उलटलं.

आता हे सगळं मी तुम्हाला सांगितलं नसतं. पण त्याच आठवड्यात माझ्या बॅगेत एक कागद होता.

कराडजवळच्या गावी आमचं घर आहे. वडिलांनी १९८४ साली स्वतः बांधलेलं, चार खोल्यांचं. वडील १९९२ साली गेले. मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. तेव्हा मी तेरा वर्षांचा, दादा अठराचा आणि आक्का बावीसची. आक्कानं बालवाडीत नोकरी धरली आणि घरी शिलाईचं मशीन घेतलं. दादाच्या वसतिगृहापायी तिच्या पाटल्या गेल्या. माझं बी.कॉम. परकर-पोलक्यांवर झालं. मधे तिला दोन स्थळं सांगून आली. "ह्यांची शिक्षणं होऊ देत," म्हणाली. आमची शिक्षणं झाली, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती आणि स्थळं दुसऱ्या घरांकडं वळली होती. दादा पुण्याला उडाला, मी सांगलीला. आई आणि आक्का घरात.

आता दादाच्या मनात ते घर पाडून दुमजली बांधायचं होतं. एक मजला त्याचा, एक माझा. "आक्काला खालची एक खोली आहेच की!" कर्ज काढायचं तर घराची मालकी साफ पाहिजे आणि त्यासाठी आईचं नि आक्काचं हक्कसोडपत्र पाहिजे, ही अट दादाला सांगितली कुणी? मीच. काउंटरवर रोज दहा जणांना सांगतो, तशी त्यालाही सांगितली. त्यानं वकिलाकडून मसुदा करून माझ्याकडं पाठवला. "तू जा. तुझं ती ऐकते. बहिणी सोडतातच रे."

चौथ्या शनिवारची सुट्टी साधून मी कन्येला घेऊन गावी गेलो. आक्कानं गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला होता आणि बाहेर उंबऱ्यापाशी गुळाचा एक खडा टाकला होता. "त्यांनाही पोट आहे. इथं मिळालं की आत येत नाहीत," म्हणाली. ती आत येत नाहीत हे खरं नव्हतं, पण खडा रोज पडत होता.

कन्येनं आत्याला अख्खा प्रकल्प ऐकवला. आक्का मन लावून ऐकत होती.

"ह्या एवढ्या रांगेत एकही पुरुष नाही? तरीच!" आक्का म्हणाली. "पुरुष असते तर पुढं कुणी चालायचं यावरून रांग तुटली असती."

"आणि आत्या, बहीण बारा आणे, भाऊ चार आणे. राणीला मात्र दोघं सारखेच, आठ-आठ आणे."

कॉटवरून आई म्हणाली, "बरोबरच आहे. आईला कसला आलाय भेद?"

"हो तर!" आक्का हसली. "म्हणून लाडू वळायला मी आणि डबा दादाच्या वसतिगृहावर." आईही हसली, पण जरा उशिरानं.

मग आक्कानं कन्येला विचारलं, "चार आण्याचा तो भाऊ, त्याला भरवतात तरी का गं?"

"भरवतात की. पंख फुटून उडून जाईपर्यंत."

"आणि मग?"

"मग परत येत नाही."

"चतुर्थीलासुद्धा नाही?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. कप मघाशीच रिकामा झाला होता.

दुपारी आई नि कन्या झोपल्यावर आक्काच म्हणाली, "दादाचा फोन आला होता. कागद आणलायस ना? थांब, चष्मा घेते." तिनं कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. चष्मा शोधताना तिनं आतलं एक पुडकं बाहेर ठेवलं. दोरा बांधलेलं. बँकेतल्या माणसासमोर पावत्यांचं पुडकं ठेवू नये, त्याचा हात आपोआप मोजायला लागतो. घरपट्टीच्या पावत्या होत्या. एकूण तेहतीस. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. प्रत्येकीवर नाव वडिलांचं आणि पैसे भरले आक्कानं. सुरुवातीच्या काही पावत्यांवर मागं पेन्सिलीनं हिशेब होता. 'पोलकी ६, परकर ४, घरपट्टी, बंड्याची फी.'

बंड्या म्हणजे मी.

"हां, आता दाखव," आक्का चष्मा लावून म्हणाली. "कुठं करायची सही?"

बावीस वर्षांत मी हजारो लोकांना म्हटलंय, वाचल्याशिवाय सही करू नका. ते माझं रोजचं वाक्य आहे. ते वाक्य काही मला तिथं उच्चारता येईना. कारण वाचा म्हटलं असतं तर तिनं वाचलं असतं. वडिलांच्या घरात कायद्यानं आम्ही चौघं, आई आणि तीन मुलं. प्रत्येकाला चार-चार आणे. म्हणजे त्या कागदानं मी तिचे चार आणे मागायला आलो होतो, आणि तेही फुकट.

"आक्का," मी म्हणालो, "कागद आणायचा विसरलो."

आक्कानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मी गणिताचा पेपर हरवला म्हणायचो, तेव्हा ती अशीच पाहायची. मग तिनं चष्मा काढला, पुडकं डब्यात ठेवलं नि म्हणाली, "बरं. मग चहा टाकते."

निघताना तिनं नेहमीप्रमाणं माझी बॅग भरली. शेंगदाणे, कुळथाचं पीठ आणि वर्तमानपत्रात बांधलेला दोन किलो गूळ. एस.टी.त उकाडा मरणाचा होता. सांगलीला घरी येऊन बॅग उघडली, तर गूळ पाघळून खालच्या फाइलवर उतरलेला, नि हक्कसोडपत्राच्या चारी पानांवर कराड तालुक्यातल्या मुंगळ्यांनी कब्जा वहिवाट सुरू केलेली. एकीला झटकायला गेलो, तर कडकडून चावली. "चावला?" सौ.नं विचारलं. "चावली," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी ग्रामपंचायतीला अर्ज केला. नमुना आठवर अजून वडिलांचंच नाव होतं. तिथं वारस म्हणून चार नावं लावावीत, आई, आक्का, दादा आणि मी. अर्जाची नक्कल दादाला पाठवली. दादाचा फोन आला. तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मीही त्याला जे सांगितलं त्यात मुंग्यांचा उल्लेख आल्यामुळं तो अधिकच चिडला. "मुंग्यांत राजा नसतो म्हणून घरातही नको काय?" म्हणाला. मी म्हटलं, राजा पाहिजे असेल तर वाळवी आहे. वाळवीच्या घरात राजा राणीशेजारी जन्मभर असतो आणि कामकऱ्यांत बायका-पुरुष दोघंही राबतात. पण वाळवी राहते ते घर उरत नाही. यावर त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तीन महिने तो माझ्याशी बोललेला नाही.

आक्कालाही फारसा आनंद झाला नाही. "माझं नाव कशाला घातलंस?" ती फोनवर म्हणाली. "आता घरपट्टीची पावती माझ्या नावानं येणार. उगाच लोकांना कळतं, कोण भरतंय ते." मग जरा थांबून म्हणाली, "चतुर्थीला येणार ना? दादालाही मीच कळवलंय. म्हटलं, चार आण्यांचे का होईना, दोघं मिळून आठ आणे होतात."

चतुर्थीला आम्ही गेलो. दादा आरतीला पोचला आणि आरतीनंतर निघून गेला. पण निघताना त्यानं आक्काला विचारलं, की खालची खोली पाडायची झाली तर तुझं मशीन कुठं ठेवायचं. आक्का म्हणाली, "आधी मला नकाशा दाखव, मग सांगते."

नकाशा अजून आलेला नाही. तोवर उंबऱ्यावर गुळाचा खडा पडतो आहे, आणि रांगेतलं कुणी दिसलं की मी आपला चुकून 'मुंगळा' म्हणून जातो. कन्या लगेच दुरुस्ती करते. शेहेचाळीस वर्षांची सवय आहे. जायला वेळ लागणारच.